लाकडाचा भाव

बँकेत ३९ वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी कर्जविभागात. घराच्या कर्जाच्या प्रत्येक फायलीत मूल्यांकनाचा एक छापील तक्ता असे. जागा कुठे, क्षेत्रफळ किती, बांधकाम कोणत्या प्रकारचं, इमारतीचं वय किती. आणि शेवटून दुसरा रकाना असे – इमारतीचं उर्वरित आयुष्य. माणसाचं उर्वरित आयुष्य डॉक्टरही लिहून देत नाहीत, पण आमचे मूल्यांकनकार ते बिनदिक्कत लिहीत. आरसीसी बांधकाम असेल तर ५०, ६०. जाड भिंतींची जुनी इमारत असेल तर त्याहून कमी. आणि ‘लाकडी सांगाडा’ असं लिहिलं की पुढे शून्य.

१९९४च्या सुमाराला लालबागकडचा एक गृहस्थ माझ्यासमोर बसला होता. गिरणी बंद पडलेली, हिशेबाचे थोडे पैसे हाती आलेले. खोलीची जमीन खचत चालली होती, चार कड्या बदलायच्या होत्या, त्यासाठी त्याला वीस हजार रुपये हवे होते. फायलीवर मी शेरा मारला : ‘इमारत लाकडी. वय ८० वर्षांहून अधिक. तारण म्हणून स्वीकारार्ह नाही.’ तो कागद त्याने उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “शून्य कसं साहेब? मी राहतोय ना त्यात?”

नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. भाड्याची खोली, मालकी दुसऱ्याची. तारण कसलं आणि कोणाचं? आज तीच फाईल समोर आली तरी मी दुसरं काही लिहू शकणार नाही. पण त्या संध्याकाळी बँकेतून निघालो तो आईवडिलांना भेटायला गेलो, आणि गेलो तोही अशाच एका लाकडी चाळीत. जिना चढताना कठड्यावरून हात फिरला, आणि आपण आज आपल्याच घरावर शून्य लिहून आलो, असं वाटलं. तेव्हा मी ठाण्याला फ्लॅटमध्ये राहत होतो, हेही सांगायला हवं. स्टाफसाठीच्या कमी व्याजाच्या कर्जातून घेतलेला. उर्वरित आयुष्य, ६० वर्षं.

आमच्या चाळीचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, ती आता नाही. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर ओळीने १४ खोल्या, खोली दहा बाय बाराची, पुढून सगळ्यांना मिळून एक लांबच लांब लाकडी गॅलरी. गॅलरीच्या एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला नळ आणि संडास. दर्शनी कमानीवरच्या दगडात १९०९ हा आकडा कोरलेला होता. माझे आजोबा राजापूर तालुक्यातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, ते थेट या चाळीतल्या गावकीच्या खोलीत आले. त्या एका खोलीत गावचे वीस-बावीस पुरुष राहत. पाळ्या तीन, त्यामुळे वळकट्याही तीन पाळ्यांत पसरल्या जात. पुढे आजोबांनी स्वतंत्र खोली घेतली. वडील साचेखात्यात होते, दोन साचे सांभाळायचे. माझा जन्म गावचा, पण पाळणा याच खोलीतल्या मधल्या तुळईच्या कडीला टांगलेला. त्याच कडीला नंतर माझ्या दोन बहिणींचा पाळणा टांगला गेला. आणि मधल्या काळात केळ्यांचा घड, गणपतीची माटोळी, पावसाळ्यात ओले कपडे.

ती तुळई मी लहानपणी उताणा पडून तासन् तास पाहिली आहे. तिच्यावर तीन ठिकाणी छिन्नीने मारलेल्या खुणा होत्या. एक रेघ, दोन रेघा, मग दोन रेघांना छेदणारी एक. आजीने त्यांचं काहीतरी देवाधर्माचं कारण सांगितलं होतं. खरं कारण मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, ते पुढे येईल.

हे लाकूड कुठून आलं? मुंबईत साग मलबारातून आणि कानड्यातूनही येई. वाडियांच्या गोदीत याच मलबारी सागाची जहाजं बांधली गेली. १८१७ साली इथे पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे ब्रिटिश आरमाराचं जहाज अजून इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात तरंगतं आहे आणि लोक तिकीट काढून ते पाहतात. म्हणजे मुंबईच्या सुतारांनी घडवलेला साग दोनशेहून अधिक वर्षं खाऱ्या पाण्यात टिकतो, हे सिद्धच आहे. आमच्या चाळीतले जुने लोक मात्र आमचं लाकूड ‘बर्मा’ आहे असं अभिमानाने सांगत, जणू घरात सून परदेशातून आणली आहे.

ब्रह्मदेशातल्या सागाची तोड ही एक अजब गोष्ट होती. झाड लगेच पाडत नसत. उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती कुऱ्हाडीने गोल खाच घेत आणि साल व बाहेरचं कोवळं लाकूड कापून टाकत. मग ते झाड दोन-तीन वर्षं उभ्या उभ्या वाळे. कारण ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. नंतर झाड पाडायचं, हत्तींनी ओंडके ओढ्यापर्यंत ओढत न्यायचे, पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की ते मोठ्या नदीला लागायचे, तिथे त्यांचे तराफे बांधून इरावतीतून रंगूनपर्यंत सोडायचे. जंगलातला साग कापणीच्या गिरणीत पोचायला वर्षांमागून वर्षं जात. तिथून बोटीने मुंबई. शिवडी-रे रोडच्या किनाऱ्यावर आजही ‘लकडी बंदर’ हे नाव आहे, ते या व्यापाराचं.

या व्यापारात एक मोठं नाव ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’चं. १८६३ साली स्थापन झालेली ही कंपनी. १८८५ साली ब्रह्मदेशाच्या राजदरबाराने या कंपनीवर आरोप ठेवला, की ती तोडलेले ओंडके कमी दाखवते आणि सरकारी देणं बुडवते. लाखो रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना वरच्या ब्रह्मदेशात शिरायला निमित्त हवंच होतं. नोव्हेंबरमध्ये फौजा गेल्या, महिन्याच्या आत मंडाले पडलं आणि थिबा राजाला बंदी करून समुद्रापार नेलं. कुठे? १८८६ साली त्याला आणून ठेवलं आमच्या रत्नागिरीत. १९१६ साली तो तिथेच वारला. त्याचा राजवाडा आपण सहलीला जाऊन पाहतो, गच्चीवरून खाडी पाहतो, आणि परत येतो.

आता बघा. ज्या सागावरून त्या राजाचं राज्य गेलं, तो साग मुंबईला आला. आणि ज्या जिल्ह्यात त्या राजाला आणून ठेवलं, त्याच जिल्ह्यातली पोरं पोट भरायला मुंबईला आली आणि त्या सागाखाली झोपली. माझे आजोबा लहानपणी रत्नागिरीला गेले असता त्यांनी राजाची गाडी पाहिली होती, असं ते सांगत. त्यात किती खरं, किती रंगवलेलं, देव जाणे. पण आपल्या डोक्यावरच्या तुळईचा आणि त्या गाडीतल्या माणसाचा काही संबंध आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मलाही कोणी शाळेत सांगितलं नाही.

गिरणगाव म्हटलं की अलीकडे लोकांना बीडीडी चाळी आठवतात. त्या खूप नंतरच्या. १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ इमारती उभ्या केल्या, त्या सिमेंट-काँक्रीटच्या. त्याआधी, १८९६च्या प्लेगने मुंबई हादरल्यावर, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या बीआयटी चाळी आल्या. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसहून अधिक वर्षं राहिले. पण सरकार जागं होण्यापूर्वी, १८५०च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी निघाल्यापासून, कामगाराला डोक्यावर छप्पर दिलं ते खाजगी घरमालकांनी, भाड्याच्या आशेने. आणि तेव्हा स्वस्त, हलकं, भराभर उभं राहणारं बांधकाम म्हणजे लाकडाचा सांगाडा.

या सांगाड्याचं गणित सोपं आहे. दगडी जोत्यावर उभे खांब. खांबांवर आडव्या तुळया. तुळयांवर हातभर अंतराने कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर चुन्याचा कोबा. म्हणजे तुमची जमीन हेच खालच्याचं छत. उभ्या खांबांच्या मधल्या जागेत विटांचा भराव. या विटा फक्त आडोसा करतात, भार सगळा लाकूड पेलतं. वर मंगलोरी कौलं. आणि सगळे सांधे बहुतेक बिनखिळ्याचे : एका लाकडाचं टोक तासून जीभ काढायची, दुसऱ्यात तेवढंच भोक पाडायचं, जीभ भोकात बसवायची आणि आडवी लाकडी मेख ठोकायची. जोराच्या पावसात, वाऱ्यात चाळ करकरायची. पाहुणे दचकायचे. आजोबा म्हणत, “ती आवाज करते तोवर भिऊ नका. गप्प झाली की सांगा.”

पुढे एका वास्तुकलेच्या महाविद्यालयाचे दोन विद्यार्थी चाळीचं मोजमाप घ्यायला आले, तेव्हा त्यांनी जवळपास हेच सांगितलं. सांधे थोडे हलतात, म्हणून इमारत टिकते. त्यांनी ओळंबा सोडून पाहिलं तर चाळ रस्त्याच्या बाजूला अडीच इंच झुकलेली होती. ओळंब्याच्या त्या दोरीभोवती सगळा मजला जमला होता, जणू कोणाची पत्रिका पाहताहेत. त्याच पोरांनी मला तुळईवरच्या त्या रेघांचा अर्थ सांगितला. सुतारांनी सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवला होता. कुठली जीभ कुठल्या भोकाची हे विसरू नये म्हणून जोडीला जोडीच्या खुणा केल्या, मग सांगाडा सोडवला आणि वर चढवला. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांचं ते हस्ताक्षर होतं. चाळ बांधणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुठे नाही. मालकाचं आहे, दगडावर, १९०९च्या खाली.

मग अशा चाळी मोडकळीला का आल्या? साग कुजला म्हणून, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. आमच्या चाळीत कोरड्या बाजूचे खांब शेवटपर्यंत ठणठणीत होते. कुजलं ते संडासाच्या आणि मोरीच्या बाजूला, आणि जिथे तुळईचं टोक ओल्या भिंतीत गाडलेलं होतं तिथे. सागाला वाळवी सहसा लागत नाही, पण रोज पाणी प्यायला लावलं तर तो तरी काय करील? त्यात आम्हीही भर घातली. कोब्यावर शहाबादी घातली, तिच्यावर स्पार्टेक, तिच्यावर पुढे चकचकीत टाइल्स. आधीचं काढायचं नाही, वर चढवायचं. पोटमाळे काढले, पाण्याची पिंपं ठेवली. जे कधी मूठभर वळकट्यांसाठी बांधलं होतं, त्यावर गोदरेजची कपाटं उभी केली. दुरुस्ती करणाऱ्यांनी कुजलेली तुळई काढून लोखंडी गर्डर बसवला; खाऱ्या हवेत तो गंजला आणि शेजारच्या शंभर वर्षांच्या लाकडाच्या आधी वाकला.

घरमालकाला शिव्या देणं सोपं, मीही तरुणपणी दिल्या आहेत. पण बँकेत शिरल्यावर त्याच्या बाजूनेही आकडे मांडून पाहिले. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीला बांधून ठेवली. आमच्या खोलीचं मूळ भाडं महिना बारा रुपये. ते १९७० साली बारा होतं आणि १९९० सालीही बारा. वरचे कर काय चढतील ते चढोत. बारा रुपयांत मालकाने कौलं शाकारावीत, खांब बदलावेत, संडासाच्या नळ्या घालाव्यात, ही अपेक्षा मलाही कागदावर बसवता आली नाही. भाडेकरूंचं म्हणणंही खोटं नव्हतं, कारण गिरणीत मिळणाऱ्या पगारात बाजारभावाने भाडं कोणाला परवडणार होतं? १९६९ साली सरकारने उपकर लावला आणि दुरुस्ती मंडळ काढलं, तेव्हा शहरात अशा १९,६४२ इमारती उपकराखाली आल्या. त्यांतल्या १६,५०२ या १९४०च्या आधीच्या. चाळीला टेकू लागले. एकदा लागलेला टेकू निघाल्याचं मी पाहिलेलं नाही.

त्यात १८ जानेवारी १९८२ उजाडला. संप सुरू झाला तेव्हा मी बँकेत नवीन होतो, घरात पगार फक्त माझा. सुमारे अडीच लाख माणसं संपावर होती. त्या काळात गॅलरीचा अर्थ मला नव्याने कळला. कोणाकडे चूल पेटली नाही हे दार बंद असलं तरी कळायचं, कारण गॅलरीतून धूर आला नाही. मग न बोलता एक झाकलेलं ताट त्या उंबऱ्यावर जायचं. ताट परत यायचं तेही रिकामं नाही, त्यात निदान चिमूटभर साखर. मी भाबडेपणाने सांगत नाही. त्याच गॅलरीत नळावरून डोकी फुटलेलीही पाहिली आहेत. पण पाच फूट रुंदीच्या त्या लाकडी पट्टीवर १४ घरांची उठबस होत होती. पापड वाळायचे, अभ्यास व्हायचा, लग्नं जमायची, आजारी माणूस उन्हाला बसायचा, गेलेला माणूस तिथूनच खाली न्यायचा. १८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तो बंगल्यात का बसला नाही, याचं उत्तर मला तरी चाळीच्या नकाशातच दिसतं.

माझ्या दोन कादंबऱ्यांत ही चाळ आली आहे. दुसरी वाचून झाल्यावर आईने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, “सगळं लिहिलंस. संडास कुठे लिहिलास?” मी काहीतरी उत्तर दिलं. तेव्हा ती जे बोलली ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. “तुला लाकूड दिसतं रे. मला ती रांग दिसते. तुझ्या वेळी पोटात होतास तेव्हा रात्री दोन वाजता कंदील घेऊन त्या टोकापर्यंत जायचे, जाताना बारा खोल्यांची उघडी दारं. पुरुष गॅलरीत झोपलेले, त्यांच्या पायांतून वाट काढत. तू कशाला जपायला सांगतोस ते?”

वारसा, हेरिटेज हे शब्द उच्चारताना मी आईचं हे बोलणं बाजूला ठेवू शकत नाही. मुंबईत १९९५ साली वारसा-नियमावली आली, देशातली ती पहिली. तिच्या यादीत चर्च, बँका, ग्रंथालयं, पोलीस ठाणी, बंगले आहेत आणि ते योग्यच आहे. बोरीबंदरचं स्टेशन २००४ साली जागतिक वारसा ठरलं, २०१८ साली फोर्ट-मरीन ड्राइव्हच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती ठरल्या. ज्यांच्या कष्टांवर ही इमारतींची श्रीमंती उभी राहिली ते राहत कुठे होते, हे दाखवणारं या थोर यादीत काही नाही. पण २०१२ साली महापालिकेने वारसा-यादी वाढवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत मोठा विरोध जुन्या घरांत राहणाऱ्यांनीच केला. ‘हेरिटेज’चा शिक्का बसला की पुनर्विकास अडणार, ही त्यांची भीती. त्यांना अडाणी म्हणणारे लेख मी तेव्हा वाचले. लिहिणाऱ्यांच्या घरात संडास असणार.

माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. २०१६ साली त्याच्याकडे गेलो असता तो मला न्यूयॉर्कमध्ये ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट इथे घेऊन गेला. १८६३ साली बांधलेली ही इमारत म्हणजे तिथली चाळच. युरोपातून पोटासाठी आलेली माणसं तिच्या अंधाऱ्या खोल्यांत राहत. ७० वर्षांत सुमारे सात हजार माणसं तिथे राहून गेली असा अंदाज आहे. १९३५ साली आगीच्या बचावासाठी कायद्याने सांगितलेल्या सुधारणा करण्याऐवजी मालकाने भाडेकरू काढले आणि वरचे मजले बंद केले. पन्नासेक वर्षं ते तसेच बंद राहिले. १९८८ साली दोघी बायकांनी तिथे संग्रहालय काढलं. काही खोल्या त्यांनी जुन्या पद्धतीने मांडल्या, काही मुद्दाम सापडल्या तशाच ठेवल्या : एकावर एक चढवलेले भिंतकागदांचे थर सुटताहेत, छत उकललं आहे. लोक रांग लावून, पैसे देऊन, गरिबाचं स्वयंपाकघर पाहत होते. एक बाई हुंदके देत होती, तिची आजी अशाच घरात राहिलेली असावी. मला हेवा वाटला. पण तिथून बाहेर पडताना कळलं, की त्यांचं काम सोपं होतं. तिथे जपण्याआधीच माणसं निघून गेली होती. आमच्याकडे माणसं आत आहेत आणि रांगेत उभी आहेत.

म्हणून चाळी जशाच्या तशा ठेवा, असं मी म्हणत नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा मला आनंदच झाला. माझं मागणं लहान आहे. चाळ पाडायच्या आधी ती मोजून, काढून, टिपून ठेवा. एका पावसाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांची एक तुकडी हे करू शकते, आमच्या इथे तर दोघांनीच केलं. आणि हजारो लाकडी चाळींमधली एक – फक्त एक – जिथली माणसं चांगल्या घरात गेलेली आहेत अशी, जागच्या जागी उभी ठेवा. जिन्यासकट, गॅलरीसकट, आणि आई म्हणते तसं, संडासासकट. टोकाच्या त्या दाराशी कंदील ठेवा.

आमची चाळ २०११ साली रिकामी झाली. संक्रमण शिबिरात जायच्या आदल्या दिवशी वडिलांनी खोली पाण्याने धुतली. मी म्हटलं, उद्या पाडणार आहेत. ते म्हणाले, “त्यांना पाडू दे. आपण घाण ठेवून जायचं नाही.” नवी इमारत उभी राहायला दहा वर्षं लागली, वडील ती पाहायला राहिले नाहीत. आई आता सतराव्या मजल्यावर ३०० चौरस फुटांत राहते. संडास घरात. पहिल्या दिवशी तिने त्याच्या दाराला हळदीकुंकू लावलं, आम्ही हसलो, ती हसली नाही. फक्त ती घराचं दार दिवसभर उघडं ठेवते. त्यावरून सोसायटीचे दोन कागद आले आहेत.

पाडकाम सुरू झालं तेव्हा रजा काढून मी दोन दिवस समोरच्या फुटपाथवर उभा होतो. पाडणारा कंत्राटदार आला, तो आधी माणसांशी नाही, लाकडाशी बोलला. बोटाने ठोकलं, चाकूने ओरखडा काढला, हुंगलं. “बर्मा आहे,” तो म्हणाला. आजोबांची बाजू अशी नव्वद वर्षांनी सिद्ध झाली. मग टेप लावून त्याने घनफूट काढले. लाकूड त्याच्याकडे जाणार आणि त्याचे पैसे तोच बिल्डरला देणार, असा या धंद्याचा व्यवहार असतो. चाळ खाली आली ती जशी वर गेली होती तशी, शेवटचं आधी. कौलं, वासे, कड्या, तुळया. मेख ठोकून बाहेर काढली की शंभर वर्षांची जीभ भोकातून सुटून येई, कोरडी, पिवळी, कालच तासल्यासारखी. आमची तुळई मी कडीवरून ओळखली. भाव विचारला. सवयीप्रमाणे तिथल्या तिथे हिशेब केला : त्या एका तुळईच्या पैशांत आमच्या खोलीचं ४० वर्षांचं भाडं निघत होतं. तक्त्यातला शून्याचा रकाना डोळ्यांपुढे आला. विकत घ्यावी, असं मनात आलं. पण दहा फुटांची तुळई ठाण्याच्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये मावत नाही. ट्रक निघून गेला.

गेल्या वर्षी नातवासाठी टेबल पाहायला आम्ही जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात गेलो होतो. एका दुकानात जुन्या सागाचं जेवणाचं टेबल होतं, बसायला आठ माणसं. किंमत ऐकून सून पुढे निघाली. मी तिथेच रेंगाळलो. टेबलाच्या एका फळीवर, कडेपासून वीतभर आत, रुपयाएवढं गोल भोक होतं, भोवती लोखंडाचा काळा डाग. ती आमची तुळई नव्हती, असण्याचं कारणही नाही. कडी तर शेकडो घरांत होती. बोट घालून पाहिलं, भोक आरपार होतं.

दुकानदार लगबगीने आला. “मुंबईचाच माल आहे साहेब, कुठल्यातरी चाळीचा. ते भोक बुजवून देतो. वर पॉलिश मारलं की कळणारसुद्धा नाही.”